डाव्या दंडावरची चार बोटं

सुईमावशी टोचण्याआधी एकच प्रश्न तीनदा विचारायची. "किती गो? बोल. परत बोल." औषधाच्या मात्रेचा आकडा सांगताना माझी दातखीळ बसायची. मी दहा वर्षांची, नुकताच मधुमेह निघालेला. ती नौपाड्यातल्या एका दवाखान्यात नर्स. ठाकुर्लीला आमच्या चाळीमागच्या आगरी गावात राहायची आणि कामावर जाण्याआधी रोज मला इन्शुलिन द्यायला यायची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळताना खडखडायला लागली, की मी आईचा पदर घट्ट धरायचे.

एकदा ती हरखून आली. परदेशात म्हणे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच उंदरांच्या कातडीखाली लावून बघतायत, डॉक्टरांनी सांगितलेलं. "म्हणजे आवणीच की गो. राबातली भाताची रोपं उपटायची नि खाचरात लावायची." मग माझ्या डाव्या दंडावर तिने चार बोटं टेकवली. "हितं सुई नाय टोचायची. टोचून टोचून जमीन घट्ट होते. ही जागा आवणीला राखलेय." आई हसली. मला मात्र ते अगदी खरं वाटलं.

बाराव्या वर्षी मी स्वतः टोचायला शिकले. एके सकाळी मावशीला उशीर झाला, शाळेची वेळ होत आलेली, म्हणून मी शहाणपणा केला. दुकानातून आलेली नवी बाटली दुप्पट तीव्र औषधाची होती आणि मी भरलं जुन्याच खुणेपर्यंत. अर्ध्या-पाऊण तासात हातपाय लटपटायला लागले, फ्रॉक घामाने भिजला, आई दोन-दोन दिसायला लागली. आपण मरतोय एवढं मात्र स्वच्छ कळत होतं. तेवढ्यात मावशी आली. बाटली बघून पांढरीफटक पडली. साखरेचं पाणी पाजताना तिचेच हात कापत होते. "गीळ गो बाय, गीळ. आवणीपर्यंत तरी जग." मला रोज भिऊ नको म्हणणारी, आकडा तीन-तीनदा विचारणारी ही बाई स्वतः रोज घाबरतच सुई भरत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे लग्न होऊन मी ठाण्याला गेले. मावशी अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलेले. तिची नजर गेलेली. चाचपडत तिने माझा डावा दंड धरला. सगळा गाठी-गाठींचा, तेवढीच जागा मऊ.

"राखलीस," ती म्हणाली. "आवणी कधी गो?"

"येत्या पावसात," मी खोटं बोलले. तो पाऊस सरायच्या आत ती गेली.

आवणी अजून झालेली नाही. टोचायच्या जागा बदलत जा, दंडावर भरपूर जागा आहे, असं डॉक्टर सांगतात. मी मान हलवते आणि चार बोटं सोडून टोचते. तिथे सुई न्यायची मला अजून भीती वाटते.