वेस ओलांडेपर्यंत

रविवार, ९ फेब्रुवारी १९६९. मुक्काम अमडापूर. रक्कम दोनशे रुपये, दोन दिवसांचं घरभाडं. हजर : मी, माझी बायको, आमची मुलगी मंदा, आमची माय आणि सिनेमाची पंधरा-वीस माणसं. हे आधीच लिहितो, कारण असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की उठून जाणाऱ्यांपैकी मी आहे.

सिनेमा आत्ताचा, पण गोष्ट १९३० सालची. नायक चळवळीसाठी घर सोडतो आणि त्याची बायको रॉकेलची चिमणी फुंकून विझवते... एवढाच प्रसंग आमच्या पुढच्या खोलीत घ्यायचा होता. दुपारी बारापर्यंत खोली मोकळी करतो, असा शब्द होता. कारण चार वाजता हिवरा आश्रमाहून आमच्या मंदाला बघायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं मोडली होती.

पाहुण्यांसाठी मी चुना दिलेली भिंत सिनेमावाल्यांनी काजळीनं माखली.

"तीस साल वाटलं पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला.

"तीस साली आमच्याकडे चुना होता," मी म्हटलं. ऐकतो कोण!

प्रसंग सुरू झाला. नायक धोतर, कोट, पागोटं घालून दाराबाहेर गेला. त्याच्या बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी फुंकर मारली, चिमणी विझली, आणि दिग्दर्शक "कट" म्हणायच्या आत आपोआप पुन्हा पेटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वात बदलली. दारं-खिडक्या लावल्या. मी चिडून दुकानातून कोरी चिमणी आणून दिली – तीही तशीच. तीन वाजले तरी खोलीभर वायरी आणि आत मंदा साडी नेसून बसलेली.

"आता पाहुण्यांना काय गोठ्यात बसवू?" बायको म्हणाली.

तेवढ्यात माय काठी टेकत आली. तिनं सगळं पाहिलं आणि दिग्दर्शकाला म्हणाली, "काऊन विझीन बाप्पा ते? घरचा माणूस गेला कुठं? दाराआड बिडी पिऊन राह्यला."

आमच्याकडे घरचं माणूस गावाला निघालं, की ते वेस ओलांडेपर्यंत घरात केर काढत नाहीत, दिवा मालवत नाहीत. मी बुलढाण्याला निघालो की बायको केरसुणीला हात लावत नाही, आणि त्यावरून मी तिला दर वेळी बोलतो. म्हणून म्हणालो, "माय, तो खरा नवरा नाही. पगारी आहे."

"चिमणीले काय ठाऊक?"

दिग्दर्शक टेकीला आला होता. त्यानं नायकाला वेशीकडे पिटाळलं. सोबत एक माणूस दिला आणि ओलांडली की शिट्टी मार म्हणून बजावलं. आमचं घर वेशीपासून चौथं. तोवर बाई फुंकत होत्या, चिमणी पेटत होती. शिट्टी ऐकू आली त्याच फुंकरीला ती विझली. आम्ही वाट पाहत राहिलो. पेटली नाही.

मी वायरी स्वतः उचलून बाहेर टाकू लागलो. तेवढ्यात दारात पाहुणे. वेळेआधी. आणि त्यांच्या पुढे, पागोटं सावरत, तो नट!

मुलाचे वडील बसण्याआधीच म्हणाले, "वेशीबाहेर येऊन हात जोडले हो यांनी. तेबी पागोटं बांधून. आता कोण करते एवढं?" त्यांना तो आमचा कुणी थोरला वाटला. काजळलेल्या भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. नटानं माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना गूळपाणी दिलं.

लग्न वैशाखात झालं. चिमणीचं काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. रॉकेल तपासलं, वात तपासली. दोन्ही चिमण्या आता मुकाट विझतात. बायकोला केरावरून बोलणं मात्र मी सोडलंय.

सिनेमावाल्यांनी दोनशे रुपये मला दिले. त्यातले अठरा भिंतीच्या चुन्याला गेले. आणि लग्नात मुलीकडचा वडीलधारा म्हणून अकरा रुपये, नारळ आणि दुपट्टा त्या नटाला.