टिकली लावलेलं बटण

माझ्या भावजयीचा मला हेवा वाटला तो तिच्या सोन्याचा नाही की साड्यांचा नाही, तिच्या कीबोर्डचा. हसा खुशाल. पण त्या कीबोर्डच्या एका बटणावर माझ्या भाच्याने स्वतःच्या हाताने लाल टिकली चिकटवून दिली होती, आणि ती मेली टिकली रोज दुपारी माझ्या डोळ्यांत खुपायची.

त्या मुलावर माझा हक्क काय, ते आधी सांगते. आमचं घर मालवणच्या बंदराजवळ. भाऊ होडीवर, वहिनी बाजारात मासे विकायला, आणि मी बिनलग्नाची मास्तरीण, पडवीलगतच्या खोलीत राहणारी. वहिनी पहाटे लिलावाला जायची ती दुपारी उतरत्या उन्हात घरी यायची. मग पोराला न्हाऊ कोण घालणार? पाढे कोण घेणार? काटे काढून बांगडा कोण भरवणार? आत्याच ना! जन्म तिने दिला, कबूल. बाकीचं कोणी केलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा.

तो मस्कतला नोकरीला गेला तेव्हा मी माझ्या पगारातून कॉम्प्युटर घेतला. जाण्याआधी त्याने मला मेल करायला शिकवलं. त्याचा पत्ता भलताच लांबलचक, मध्ये टिंब, शेवटी आकडे. पण तो पाठ करायची गरजच नव्हती. पहिलं अक्षर दाबलं की मशीन आपणहून पूर्ण पत्ता पुढे करायचं, एंटर मारलं की काम झालं. माझ्या मशीनच्या आठवणीत पत्ते दोनच. एक त्याचा आणि एक माझा स्वतःचा, कारण पावसात टेलिफोनची लाइन धड आहे का ते बघायला मी मलाच मेल पाठवायची. दोन्ही पत्त्यांची पहिली अक्षरं कीबोर्डवर शेजारी शेजारी होती. मला मेलीला त्याचंसुद्धा कौतुक.

वहिनी दुपारी न्हाऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "लिव गो, वेळार जेव म्हणान." मी लिहायची. तिची एक ओळ, माझं पानभर. त्याचीही उत्तरं ऐसपैस यायची. खोलीत कोण घोरतो, साहेब किती कंजूष, आमटीत कोकम नसलं की जेवणच कसं उतरत नाही. मी ती तिला वाचून दाखवायची, पण सगळी नाही. थोडं माझ्यापुरतं ठेवायची. का ठेवू नये?

मग एका चतुर्थीला तो रजेवर आला आणि आईसाठी कोरा करकरीत कॉम्प्युटर घेऊन आला. माजघरात मांडला, आणि पेन ड्राइव्ह घेऊन थेट माझ्या खोलीत.

"आत्ये, तुझ्या मशीनातले पत्ते आयेच्या मशीनात टाकतंय. नायतर तिका पुरो पत्तो टाइप करूचो लागतलो."

मी म्हटलं, "नव्या मशीनला ते आपोआप कळत नाहीत?"

"नाय गो. ते एका बारक्या फायलीत रवतत. ती उचलून न्हेवची लागता."

मी बघत उभी राहिले. हे अक्षर म्हणजे माझं पोर, हे त्या मशीनला मी शिकवलं होतं, एकेक मेल लिहून, वर्षानुवर्षं. आणि याने ते चहा निवायच्या आत उचललं आणि आईच्या मशीनात नेऊन घातलं. आयत्या बिळावर नागोबा! वर कौतुक बघा. वहिनी सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण कीबोर्डवर शोधताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून याने तिच्याच पाकिटातली टिकली काढून त्या बटणावर लावली. "आये, ह्या दाब नि एंटर मार. मी इलंय समज." वहिनी लाजून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बटणावर कधी कोणी काही लावलं नव्हतं.

तो परत गेला, आणि रोज दुपारी माजघरातून टकटक सुरू झाली. घरात लाइन एकच, त्यामुळे ती बसली की मी बंद. इकडे मला येणारी उत्तरं आखूड होत गेली. आधी अर्धं पान, मग चार ओळी, मग नुसतंच "बरो आसंय. काम खूप." मी मनात म्हटलं, जाणारच. पाणी सगळं तिकडच्या पाटाला वळवलंय ना, माझं शेत कोरडंच राहणार.

पण म्हणून हार मानू? वहिनीने विचारलं, "तुका काय लिवल्यान?" की मी ठसक्यात सांगायची, "लिहिलंय पानभर. सावकाश वाचेन." तीही काही कमी नव्हती. मागीलदारी टोपली धुताना शेजारणीला सांगायची, आणि मला पडवीत ऐकू येईल एवढ्या आवाजात, "माझो झिल माका सगळा सांगता हां!" त्या 'सगळा'वर असा जोर द्यायची की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा तर समोरचं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण टाकून उठले, विचार करा.

पावसात खाऱ्या दमट हवेने त्या टिकलीचा चिकटा सुटला आणि ती कुठेतरी पडली. वहिनीने नवीन टिकली काढली आणि आपल्याच अंदाजाने लावली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी धड सांगितलं असतं का, तो प्रश्न वेगळा.

रविवार होता. माजघरात बराच वेळ टकटक चालली, मग थांबली. माझी पाळी आली म्हणून मी लाइन जोडली, तर समोर नवीन मेल. वहिनीकडून. मला! मधे एक भिंत, आणि ही बया मला मेल करते? उघडून बघते तर इंग्रजी अक्षरांत आमचं मालवणी.

"पुता, तू माका निस्ता जेवलंय, झोपलंय इतक्याच लिवतंस. आत्येक पानभर लिवतंस. ती सांगता ना माका. आवस मी तुझी. माका वाचूक जमाचा नाय म्हणान लिवणस नाय काय? हळूहळू वाचीन. तिका लिवतंस तसा एकदा माका लिव. तिका सांगू नको."

खरं सांगते, पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या. वहिनी माझ्यावर जळते! माझ्यावर! मी ते पुन्हा वाचलं, चवीचवीने. आणि मग 'पानभर' या शब्दावर येऊन अडकले. कुठलं पानभर? ते तर मीच तिला सांगत होते. आणि तिचं ते 'सगळा' म्हणजे जेवलंय आणि झोपलंय, एवढंच. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते तिच्या पदरातही काही नव्हतं.

उठले आणि माजघरात गेले. वहिनी कीबोर्ड पदराने पुसत होती. टिकली माझ्या अक्षरावर. मी ती नखाने काढायला लागले तर ओरडली, "हात लावू नको हां तेका!"

"चुकीच्या बटणार लावलंस, वयनी. पत्र माका इला."

तिचा चेहरा उतरला. "वाचलंस?"

"वाचलंय."

"मगे? झाला समाधान?" ती फणकारली, पण डोळे भरलेले.

"कसला समाधान! माका पण लिवणा नाय गो तो. पानभर बिनभर काय नाय. बरो आसंय, काम खूप. संपला. तुका उगीच सांगी होतंय."

वहिनी चिडेल असं वाटलं, पण चिडली नाही. बाजारात माशाचा गलफडा उघडून बघताना करते तसे तिने डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाली, "तुका लिवणा नाय. माका लिवणा नाय. पोर तर लिवल्याबिगर रवाचा नाय. मगे तो पानभर लिवता तरी कोणाक?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. माझ्या छातीत पुन्हा तसंच जळलं, जुनंच, फक्त आता वहिनीवर नाही. आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या त्या काही माझ्यासाठी नव्हत्या.

मी टिकली शेजारच्या बटणावर नीट दाबून लावली आणि तिच्या बाजूला स्टूल ओढून बसले. वहिनीने टिकली दाबली, एंटर मारलं, तो आला. खालच्या मोकळ्या जागेत तिने एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, दोनच शब्द लिहिले.

"ती कोण?"

पाठवायचं बटण मी दाबलं.