काळजातली खिडकी

लेकीच्या पोटातल्या बाळाचं द्राक्षाएवढं काळीज पडद्यावर लुकलुकत होतं. त्यात भोक दिसलं आणि मी घाईघाईनं तिकडे बोट दाखवलं. लेकीलाही जन्मतः होतंच की!

डॉक्टरीणबाई हसल्या. “आजी, ही खिडकी पोटात असताना हवीच. रक्त इथूनच पुढे जातं. बाळानं बाहेर येऊन श्वास घेतला की ती मिटते. काळीज छान आहे.”

काय ही कारागिरी! तीही तिसऱ्या महिन्याच्या आत पुरी होते म्हणे. आणि मी शहाणी! सातव्या महिन्यात, ग्रहणात काकडी चिरली म्हणून लेकीच्या काळजाला भोक पडलं, असं मानून तीस वर्षं काकडी सोडली.

“आई, आता तरी खा गं,” लेक म्हणाली.

घरी येऊन कोशिंबीर केली. चिरण्याआधी गुपचूप कॅलेंडर मात्र पाहिलं.