चौथा खांदेकरी

"हा इथं कायले आला?"

चष्मा कपाळावर सरकवायचा, माझ्या हस्तलिखितातल्या एखाद्या नावावर बोट ठेवायचे आणि हे विचारायचे, ही त्याची खोड. आर्णीच्या बसस्टँडमागे त्याचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान होते. मी शाळेतला मास्तर, अजून हाताने कादंबरी लिहिणारा. शुद्ध मराठी टाइप करणारा गावात तो एकटाच, म्हणून नाक मुठीत धरून त्याच्याकडे जावे लागे. मला तो आवडत नसे. मेलेला माणूस गोड होतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसे काही झालेले नाही.

लोकांचे अर्ज तो मुकाट टाइप करी. कादंबरी दिसली की त्याच्या अंगात येई.

"नायक दारात उभा राह्यला म्हणता. कायले? काम काय होतं त्याचं?"

"काका, तुम्ही फक्त टाइप करा."

"करतो न. पण मले दिसला त पाहिजे तो."

एकदा नायिकेची आई दीड पान रडत होती. "चुलीवर काय होतं हिच्या?" तो म्हणाला. "इतक्या वेळात भाकरीचा कोळसा झाला असन." झेरॉक्सला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या रात्री मला जेवण गेले नाही, पण पुढच्या खर्ड्यात आईने तवा उतरवून ठेवला.

मग कापूस निघाला. माझी नायिका श्रावणात कापूस वेचत होती. "श्रावणात पऱ्हाटीले नुसत्या पात्या रायते, सर, बोंडं बी नाई. हे वेचून काय राह्यली?" माझ्याच वर्गातल्या मुलीचा बाप तिथे उभा. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मी ही चूक केली होती, हे खरे. पण ती भर दुकानात चव्हाट्यावर मांडायची गरज होती का, तुम्हीच सांगा.

मी सूड घेतला. बाराव्या प्रकरणात एक टायपिंगवाला आणला. चष्मा कपाळावर, जीभ विळ्यासारखी. त्याला मारलाही, आणि लिहिले: 'त्याच्या मयतीला गावातले कोणी आले नाही.' ती पाने त्याच्यापुढे ठेवून मी मुद्दाम बाकड्यावर बसून राहिलो. तोंड उतरलेले पाहायचे होते.

बोटे चालत राहिली. शेवटच्या ओळीला थांबली.

"कोणीच नाई आलं?"

"नाही."

"मग मसणात नेलं कोणी? चार त लागतेच."

"कादंबरी आहे ही, काका!"

"म्हणून काय तो उठून चालत गेला? चौघाईची नावं लिवून आणा. कोण आलं, कायले आलं. तवर मी हे पान सोडत नाई."

मी पाने ओढून घेतली. "तुमच्यासाठी चार माणसं मला तरी सापडायची नाहीत," असे बोलून बाहेर पडलो. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला.

यवतमाळच्या एका पोराने सगळी कादंबरी चार दिवसांत टाइप केली. एका शब्दाला अडवले नाही. त्यामुळे मला ती खोटीच वाटू लागली आणि प्रकाशकाकडे गेलीच नाही.

दिवाळीनंतर तो गेला. खोटे कशाला बोलू, खरेच कोणी येते का ते पाहायला मी गेलो. त्याची बायको आधीच गेलेली. अंगणात जावई, महागावचा पुतण्या आणि शेजारचा पानठेलेवाला. तिरडी बांधून तयार होती आणि तिघे रस्त्याकडे पाहत होते.

"बरं झालं आले, सर," पानठेलेवाला म्हणाला. "एक कमी पडून राह्यला होता."

मी चप्पल काढली आणि खांदा दिला. तो अगदीच हलका होता. वाटेत मला रडू आले, त्याचाही रागच आला.

आता ते पान मी पुन्हा लिहायला घेतले आहे. जावई आला, सासरा गेला म्हणून. पुतण्या आला, रक्ताचा म्हणून. पानठेलेवाला आला, रोजचा शेजार म्हणून. चौथा मास्तर. त्याचे नाव लिहून झाले आहे. त्यापुढे तो कायले आला, ते लिहायचे आहे, आणि महिना झाला, पान सुटत नाही.