सासऱ्यांची पाटी

माझ्या सासऱ्यांइतका मोठा आवाज अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाही, आणि त्यांच्याइतकी गुपितंही दुसऱ्या कुणाच्या पोटात नाहीत. या दोन गोष्टी एकाच माणसात घालताना देवाचं लक्ष कुठं होतं कोण जाणे. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा जन्मभर कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन गावोगाव हिंडायचं, दारात उभं राहून नाव पुकारायचं, जप्ती असली तर हलगी वाजवून चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचं, हे त्यांचं काम. हलगीवाला आजारी पडला तरी मामांचं कधी अडलं नाही. ते केजच्या बाजारात कुजबुजले तर तिकडं तेलगावच्या उसाच्या फडात माणसांनी कोयता थांबवून "कोण हाय?" म्हणून विचारावं! फेकतोय असं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. आमच्या लग्नात मामा त्यांच्या बहिणीच्या कानाला लागून "नवरदेव जरा काळाच हाय" एवढंच बोलले, आणि हातात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या मांडवानं वळून माझ्याकडं पाहिलं. अजून कुणी भेटले की तेच आठवून हसतात, मेले.

असा माणूस रिटायर झाल्यावर काय करेल? भजनी मंडळात जाईल. मामांनी एचआयव्ही झालेल्या माणसांच्या हक्काचं काम धरलं. अंबाजोगाईच्या एक वकीलबाई अशा लोकांचे खटले चालवतात, आणि मामा म्हणजे त्या बाईंचे गावोगाव फिरणारे पाय. कुणाला घराबाहेर काढलं, कुणाच्या पोराला शाळेत वेगळं बसवलं, असा निरोप आला की मामा काळीपिवळी जीपमध्ये बसून निघालेच. ज्या घरात आजारी माणसाचा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला दिसतो, तिथं ते हटकून चहा मागतात आणि म्हणतात, "मला त्या कोनाड्यातल्या कपात द्या. लई छान कप हाय." मग भुरके मारत असा चहा पितात की घरातल्यांना मान वर करता येत नाही.

पण या कामाची पहिली अट म्हणजे कुणाला काय झालंय हे त्याच्या मर्जीशिवाय बाहेर जाता कामा नये. कायदाच आहे तसा. आणि मामांच्या तोंडून निघालेलं तर वेशीपर्यंत जातं! त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पाटी. पहिलीतल्या पोरांची असते तसली, लाकडी चौकटीची दगडी पाटी पिशवीत आणि पेन्सिलीचे तुकडे खिशात. गुपित असेल ते पाटीवर लिहायचं, समोरच्यानं वाचलं की खांद्यावरच्या रुमालानं पुसायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला शेताच्या मधोमध नेऊन, चहूबाजूंना माणूस नाही असं बघून मगच तोंड उघडायचं. मी एकदा म्हटलं, "मामा, मोबाईलवर लिहा की. काय हे बालवाडीसारखं!" तर म्हणाले, "जावईबापू, मोबाईल पुसला तरी कुटंतरी ऱ्हातंय. पाटी पुसली म्हंजे पुसली." मी हसलो. त्या हसण्याची आता मला लाज वाटते, पण ते पुढं येईल.

या पाटीपायी एकदा लिंबागणेशला मोठी गंमत झाली. जीपमध्ये सोबत दवाखान्यात नेत असलेल्या एका पोराला औषधाचं काहीतरी विचारायचं होतं म्हणून मामांनी पाटी काढली. समोर बसलेल्या एका मावशीनं ते पाहिलं आणि "अगं बाई, मुकं हाय गं बिचारं" म्हणून डोळ्याला पदर लावला. सगळ्या जीपनं सरकून मामांना खिडकीची जागा दिली, कुणी केळं दिलं. आता बोलावं तरी पंचाईत! मामा निमूट केळं खात राहिले. लिंबागणेशला मावशी उतरल्या, त्यांना वाट द्यायला मामाही खाली उतरले, आणि ते परत चढायच्या आत ड्रायव्हरनं गाडी सोडली. मामांनी असं काही "थांब बे!" केलं की जीप जागच्या जागी उभी राहिली. मावशींनी रस्त्यावरूनच गणपतीच्या देवळाकडं हात जोडले. त्या गावात अजून हा चमत्कार सांगतात, आणि मामांनी तो कधी खोडून काढलेला नाही.

ते या कामात कशामुळं पडले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेतात नेऊन. नोकरीत असताना एका विधवा बाईवर समन्स बजवायला गेले होते. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढायचा दावा लावला होता. बाईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "दादा, काय लिवलंय, वाचून दाखवा." मामांनी दारात उभं राहून वाचलं, त्यांच्या आवाजात. नवरा कशानं मेला, हिला काय झालंय, सगळं दाव्यात होतंच. गल्लीतल्या बाया दारात आल्या. दुसऱ्या दिवशी नळावर तिची घागर कुणी भरू दिली नाही, आणि पंधरवड्यात त्या घराला कुलूप लागलं. "कायद्यानं मी बरोबरच होतो," मामा म्हणाले, आणि मग बराच वेळ तुरीच्या शेंगा उगाच सोलत बसले.

आता माझ्या चुकीचं सांगतो. केजला तहसील नि कोर्ट एकाच आवारात, त्यासमोर माझी टपरी आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करून द्यायचा माझा धंदा. तोंड फटकळ, पण काम चोख, अशी माझी ख्याती. निदान त्या शुक्रवारपर्यंत तरी होती.

जवळच्या एका गावातली बाई होती. गावाचं नाव मी सांगणार नाही. नवरा गेलेला, पदरात एक पोरगी, आणि नवऱ्याच्या घरातली एक खोली. दिराला ती खोलीही हवी होती आणि तिच्या वाट्याचं रानही. वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्याला लागू नये अशी हरकत त्यानं घेतली होती, तिची सुनावणी त्या शुक्रवारी तहसीलमध्ये होती. बाईच्या दुखण्याचा त्याला नुसता वास लागला होता. हातात कागद नव्हता, म्हणून गावात त्याचं कुणी ऐकत नव्हतं. त्याच दिवशी वकीलबाई कोर्टात अर्ज देणार होत्या की या बाईला घरातून कुणी काढू नये. अशा अर्जात बाईचं नाव झाकता येतं. अर्जभर नावाच्या जागी दोन अक्षरं होती, आणि खरं नाव, गाव नि दुखणं लिहिलेलं एकच पान होतं, ते बंद पाकिटातून थेट न्यायाधीशांकडं जायचं होतं.

ते पान मी टाईप केलं, बाईनं सही केली आणि ती पोरीला घेऊन कोर्टाच्या आवारात लिंबाखाली जाऊन बसली. मामांनी पाटी माझ्या नाकासमोर धरली: "याची झेरॉक्स नाही." मी मान डोलावली. आणि मग काय झालं? वीस वर्षं तहसीलसमोर बसलेला माणूस मी, हाताला कागद लागला की त्याच्या तीन प्रती होतातच! मी सगळा गठ्ठा उचलला, शेजारच्या चाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, चाचा नमाजच्या गडबडीत होते म्हणून घरच्यासारखा स्वतःच मशीनशी उभा राहिलो आणि प्रती काढून परत आलो. टपरीत मांडून बघतो तर त्या पानाच्या तीन प्रती होत्या आणि मूळ पान नव्हतं. ते काचेवरच राहिलं होतं.

मामा समोरच बसले होते. लपवावं असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण सांगितलं. मामांनी बोलायला तोंड उघडलं, रस्त्याकडं पाहिलं आणि मिटलं. त्या तिन्ही प्रती बारीक फाडून त्यांनी खिशात घातल्या, पिशवी उचलली आणि चालायला लागले. मी मागून पळालो.

दुकानाचं शटर खाली होतं. जुम्म्याची वेळ, चाचा नमाजला गेले होते. आणि दुकानाच्या पायरीवर तो दीर बसला होता! सकाळीच वकीलबाईंनी मला तो लांबून दाखवला होता. तहसीलच्या बाबूनं त्याच्याकडं कागदांच्या प्रती मागितल्या होत्या आणि आवारालगत झेरॉक्सचं दुकान हे एकच. म्हणजे शटर उघडलं की पहिला नंबर त्याचा, आणि मशीनचं झाकण उघडलं की समोर ते पान. आम्ही त्याच्या शेजारी बसलो, दुसरं काय करणार?

"तुमचं बी झेरॉक्सच का?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"आमचं भावजयीचं लफडं हाय. लई चिवट बाई." त्यानं तंबाखू मळायला घेतली. "तिला काय झालंय ते आमाला म्हाईत हाय, पर दवाखान्याचा एक कागद घावंना. घावू द्या एकदा. देवळाच्या भिंतीला चिकटवतो का न्हाई बघा. तवा गावच हाकलंल तिला, मला बोट लावायची गरज न्हाई."

त्याच्या पाठीमागं, शटरच्या पलीकडं दोन हातांवर तो कागद होता. आवारात लिंबाखाली ती पोरगी काडीनं मातीत रेघोट्या काढताना दिसत होती. मामांच्या मानेची शीर फुगली होती. बोलले असते तर काय बोलले असते ते सगळ्या केजनं ऐकलं असतं. त्यांनी पाटी गच्च छातीशी धरली होती.

दिराचं लक्ष तिकडं गेलं. "ह्यो बाबा बोलत कावून न्हाई? मुका हाय का?"

"हो," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं एवढंच बरं काम.

तेवढ्यात मशिदीच्या बाजूनं माणसं यायला लागली. नमाज सुटली होती. लांबून चाचांची पांढरी टोपी दिसली. दीर उठून शटरला पाठ लावून उभा राहिला. मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, करंगळी वर केली आणि दुकानामागच्या बोळात निघून गेले. आता हा माणूस ऐन वेळी लघवीला जातो? मला रडूच यायचं बाकी राहिलं. चाचांनी येऊन कुलपाला किल्ली लावली, आणि त्याच क्षणी तहसीलच्या भिंतीमागून आवाज आला. दिराचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, आणि वर "हाऽऽजर हाय काऽऽ?" एकदा, दोनदा, तीनदा. लिंबावरची पाखरं उडाली. व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. तहसीलच्या शिपायानं असा पुकारा उभ्या जन्मात केला नसेल!

"आयला, माझा पुकारा!" म्हणत दीर कागद छातीशी धरून धूम पळाला. पुकारा चुकला तर हरकत निकालात निघते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शटर वर गेलं. मी चाचांना ढकलून आत घुसलो, मशीनचं झाकण उचललं. काच मोकळी होती. खाली पाहिलं, मागं पाहिलं, रद्दीची टोपली उपडी केली. चाचा शांतपणे माझी धांदल बघत होते. मग त्यांनी गल्ला उघडला आणि आतून एक घडी काढली. "हे शोधता का, जावईसाब? नमाजला जाताना काचेवर घावला. उलटाच उचलला, उलटाच ठिवला." मी घडी उलगडली, तेच पान. "झेरॉक्सवाल्यानं कागद वाचायचा नसतो," ते म्हणाले. "वाचला तर या गावात ऱ्हाता येईल का मला?" मी त्यांचे हात धरले, आणि पान घेऊन पळालो.

पान पाकिटात गेलं, पाकीट वकीलबाईंच्या हातात गेलं. दीर संध्याकाळपर्यंत तहसीलच्या दारातून हलला नाही, पुन्हा पुकारा चुकू नये म्हणून. दोन-तीन तारखांनंतर कोर्टाचा हुकूम आला, बाईला तिच्या खोलीतून कुणी हलवायचं नाही. सातबाऱ्यालाही नाव लागलं. मी मामांना म्हटलं, "असा खोटा पुकारा करणं गुन्हा नाही का हो?" तर म्हणाले, "मी नुसतं नाव घेतलं. नाव घेनं गुन्हा असतंय व्हय?" हे मात्र त्यांनी पाटीवर लिहिलं नाही, त्यामुळं आमच्या गल्लीनंही ऐकलं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली होती. शिव्या खायची माझी तयारी होती, खरं तर खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पाटी काढली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडं फिरवली. "तुमची चूक सापडली. माझी अजून सापडली नाही." मला आधी कळेना. मग ती कुलूप लावून गेलेली बाई आठवली. तिला शोधत मामा किती गावं फिरले असतील, हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

परवा आठवडी बाजारात मी नि मामा कांद्याच्या ढिगापाशी उभे होतो. बाजारात मामा ओळखीच्या माणसाला शंभर पावलांवरून हाक मारतात, अख्खा बाजार वळून बघतो. समोरून ती बाई आली, पोरीला घेऊन. आमच्याच ढिगापाशी थांबली, मामांच्या हाताला हात लागेल इतकी जवळ. मामा खाली मान घालून कांदे निवडत राहिले. ओळख दिली तर हा म्हातारा कोण, तुला कसा ठाऊक, असं गावातलं कुणी विचारायचं. बाईनंही वर पाहिलं नाही. किलोभर कांदे घेतले, पोरीचा हात धरला आणि गेली. ज्यांच्यासाठी हा माणूस उन्हातान्हात हिंडला, त्यांच्यातल्या एकालाही तो रस्त्यात साधं "बरं हाय का?" म्हणून विचारू शकत नाही. मला फार वाईट वाटलं. त्या दोघी दिसेनाशा झाल्यावर मामांनी पिशवीतून पाटी काढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

"पोरगी उंच झाली."

मी वाचलं. मी नीट वाचलंय असं बघून मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि पाटी पुसली.