ऑटरशॉ साहेबांची पुण्यतिथी

वामनभाऊ उराडे कुठलाही कागद हातात आला की आधी त्याची टाचणी काढत. लग्नपत्रिकेचा कोपरा चिमटीत चोळून कागद कोणत्या प्रतीचा ते सांगत. लग्न कोणाचं, ते नंतर वाचत. इंग्रजी वाचायला बसताना चष्मा पुसत आणि दोन ओळींनंतर पुन्हा पुसत. चूक चष्म्याची आहे असं त्यांना मनापासून वाटे. निवडणुकीत दारावर आलेल्या कार्यकर्त्याकडून पत्रकाच्या दोन प्रती मागून घेत, एक वाचायला, एक ठेवायला. स्वतः एकदा नगरपरिषदेला उभे होते. घरात मतदार बारा, मतं पडली नऊ. "तिघं कोण ते मले अजून समजलं नाई," असं म्हणत, तेव्हा त्यांच्या पत्नी मीराबाई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत.

बल्लारपूरच्या एका कागद कारखान्यात त्यांनी जन्म काढला. परदेशातून रद्दीचे गठ्ठे येत. ते फोडायचे, टाचण्या आणि प्लास्टिक वेगळं करायचं, उरलेलं लगद्याकडे पाठवायचं. एका गठ्ठ्यात सगळे कागद एकाच माणसाचे निघाले. क्लेमंट ऑटरशॉ, विलायतेतल्या कोळशाच्या पट्ट्यातला खासदार. भाषणांचे खर्डे, मतदारांची पत्रं, निवडणुकीची पत्रकं. सुपरवायझर म्हणाला, घेऊन जा, नाहीतरी लगदाच होणार. वामनभाऊंनी सायकलवर दोन खेपा केल्या.

"तीनदा इंग्रजीत नापास झालो," ते सांगत. "मंग इंग्रजानंच घरी शिकवणी लावली."

निवृत्त झाल्यावर त्यांनी साहेबांचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं. इंग्रजी अक्षर लावून देणारं कोणी मिळेल का, म्हणून कॉलेजात गेले. तिथे नाहीद तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिला तेव्हा तासिका नव्हती, म्हणून प्राचार्यांनी तिचं नाव सांगितलं. तिचं एम.ए. मराठी साहित्यातलं. इंग्रजी अक्षर तिलाही लागत नव्हतं, पण हे तिने सांगितलं नाही. एम.ए. झालेल्या माणसाला न येणाऱ्या गोष्टी सांगायची सवय नसते.

मग दर रविवारी दोघं ओसरीवर बसू लागले. साहेबांची कारकीर्द हळूहळू उभी राहिली. पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा निवडून आले. एकदा राज्यमंत्री झाले, पण वर्ष पुरं व्हायच्या आत खातं गेलं. वामनभाऊंनी लिहिलं, 'गटबाजीमुळे साहेबांचा पत्ता कापला गेला.' याला पुरावा नव्हता.

"भाऊ, हे तुम्हाला कुठे दिसलं?" नाहीदनं विचारलं.

"दिसाले कायले पाहिजे? मंत्री गेला म्हणजे गटबाजीच असते. तू चंद्रपूरची नाई का?"

तिने ते वाक्य ठेवलं आणि 'राजकीय क्षितिजावरून' हे दोन शब्द त्यात भरले.

शेवटच्या पत्रकावर साहेबांचा फोटो होता. भोवती जाड काळी चौकट, खाली जूनची तारीख. मजकुरात त्यांनी काय काय केलं ते सगळं भूतकाळात. आपल्याकडे फोटोला काळी चौकट कधी येते ते कोणालाही विचारा. वामनभाऊंनी तो फोटो मढवून भिंतीवर लावला. जूनच्या सुरुवातीला नवतपाचे नऊ कडक उन्हाचे दिवस सरले की दरवर्षी साहेबांची पुण्यतिथी होई. हार, मेणबत्ती, दोन मिनिटं शांतता आणि शेजाऱ्यांना खीर. नाहीद येऊ लागल्यावर भाषण तिच्याकडे आलं. 'कोळशाच्या काळोखात विझलेला दिवा' असं ती एका वर्षी म्हणाली होती. टाळ्या पडल्या होत्या.

मग तिला इंटरनेटवर एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाची यादी सापडली. त्यात ऑटरशॉ यांची व्यक्तिगत कागदपत्रं होती, पण शेवटची काही वर्षं नव्हती. तिने मेल केला. ग्रंथालयाने तो पुढे पाठवला आणि उत्तर साहेबांच्या मुलीकडून आलं. ते घेऊन ती भरदुपारी वामनभाऊंकडे गेली.

"भाऊ, साहेब जिवंत आहेत."

वामनभाऊंनी भिंतीकडे पाहिलं. हार अजून पुरता वाळला नव्हता.

"मंग मी कोणाची पुण्यतिथी करून राह्यलो?"

"जित्या माणसाची," मीराबाई आतून म्हणाल्या. "अन् दरसाल खीर मले आटवाले लावली."

दोघांनी पत्रक पुन्हा वाचलं. तारीख मतदानाची होती; त्या मतदानात साहेब पडले होते, असं मुलीने लिहिलं होतं. चौकट काळी होती, कारण पत्रक एकाच शाईत छापलं होतं. नाहीदला आपला विझलेला दिवा आठवला आणि तिने पाणी मागितलं.

"वय किती म्हणे साहेबाचं?"

"शहाण्णव."

"पाह्य," वामनभाऊ मीराबाईंना म्हणाले, "आपल्या हारानं आयुष्य वाढते. माहा बी फोटो लावून ठेव."

मेलमध्ये पुढे मागणी होती. घर आवरताना ते कागद चुकून रद्दीत गेले होते. वडिलांना आता दिसत नाही. मुलगी वाचून दाखवते. कागद मिळाले तर त्यांच्या हातात द्यायचे आहेत, आणि वेळ फार नाही.

वामनभाऊंनी चष्मा काढून पुसला. पुस्तक अर्धं झालं होतं, उरलेलं अर्धं त्याच कागदांत होतं.

"झेरॉक्स पाठवू," नाहीद म्हणाली. "खरे कागद आपल्याकडे ठेवू."

"त्याले दिसत नाई. तो हातानं वाचन. झेरॉक्स त्याच्या हाताले काय सांगन?"

"मग पुस्तक?"

"झेरॉक्सवर चालवू."

"मेला मेला म्हणत होते तो मागून राह्यला," मीराबाई म्हणाल्या. "देऊन टाका बापा."

झेरॉक्स फिकी आली. कार्बनच्या प्रती तर नुसत्या काळ्या. तरी वामनभाऊंनी खरे कागद वर्षांप्रमाणे लावून पार्सल केलं. तळाशी आपलं पत्र ठेवलं. त्यात दरवर्षी श्रद्धांजली वाहिल्याबद्दल माफी होती आणि एकच प्रश्न: शेवटची निवडणूक हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलं?

"हाच प्रश्न का?" नाहीदनं विचारलं.

"निवडून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करते ते पेपरात येते. पडलेला काय करते, ते कुठी येत नाई. मी तर ड्युटीवर गेलो, गठ्ठे फोडले. त्याले तर ड्युटीच नव्हती."

नाहीदनं त्याचं इंग्रजी केलं. चुका होत्या. त्या तिला पार्सल गेल्यावर दिसल्या.

कागद पोचल्याचा निरोप आला तेव्हा वामनभाऊंना जाऊन आठवडा झाला होता. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. ती बातमी नाहीदला पटायला वेळ लागला. एका मृत्यूच्या बाबतीत ती अलीकडेच चुकली होती. ओसरीवर माणसं जमलेली दिसली तरी ती फाटकाशी उभी राहून मीराबाई आतून काही बोलतात का, त्याची वाट पाहत राहिली.

साहेबांच्या मुलीने लिहिलं होतं: बाबा रोज एक कागद ऐकतात, तारखेच्या क्रमाने. मधला वगळू देत नाहीत.

वामनभाऊंचं पत्र सर्वांत खाली आहे.

चरित्राच्या नव्या प्रकरणाला त्यांनी 'दुसरा दिवस' असं नाव दिलं होतं. त्यात एवढंच आहे: 'निकालाच्या दुसऱ्या दिवशी साहेब सकाळी उठले आणि'