सतरा नंबरची बाई

माझी नणंद सुकन्या गावाच्या लेखी मेंदूची डॉक्टर आहे, पण गोळ्या लिहून देणारी नाही. गावाला हे समजावता समजावता माझी दहा वर्षं गेली. कुणाचं डोकं दुखलं की बायका आमच्या ओटीवर हजर. "तुझी नणंद कवा येनार?" ती मुंबईच्या एका संशोधन संस्थेत अल्झायमरवर काम करते, म्हणजे म्हातारपणी माणूस विसरत विसरत शेवटी स्वतःलाही विसरतो, त्या आजारावर. हा शब्द आता मी झोपेतही बरोबर म्हणते. म्हणावा लागला नसता तर बरं झालं असतं.

ती आमच्या वळ गावातल्याच मराठी शाळेत शिकली. आमच्या भातशेतांवर गोदामं उभी राहिली, तिच्या वर्गातल्या पोरी लग्न करून गेल्या, त्यांची पोरं दहावीला आली, आणि ही अजून परीक्षाच देते आहे. छत्तीस वर्षांची झाली. उभ्या उभ्या जेवते, केसांना तेल लावत नाही आणि कोणी लग्नाचा विषय काढला की लगेच चप्पल शोधते. मला ती आवडते. पण तिचा रागही मला खूप आला आहे, आणि तो कसा आला तेच सांगायचं आहे.

"ताई, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" असं मी तिला लग्नानंतर लगेचच विचारलं होतं. माझं माहेर निजामपुऱ्यातलं, वडील कापड विणायच्या लूमवर कामाला. म्हणून तिने मला लूमवरूनच सांगितलं. मेंदूच्या पेशीत आत लांब लांब धागे असतात आणि टाऊ नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं. या टाऊला फॉस्फेट जास्त चिकटलं की त्याची पकड सुटते, आणि मग लूमवरचे ताण्याचे उभे धागे तुटल्यावर होतो तसा गुंता होतो. पेशी मरते. हे वेगळं झालेलं टाऊ थोडं थोडं रक्तात उतरतं, माणूस विसरायला लागायच्या कितीतरी आधी. ते रक्तात पकडता आलं तर आजार लवकर कळेल. शिकलेल्या, शहरातल्या लोकांवर हे काम झालंय. शाळा न पाहिलेल्या आपल्या बायकांवर फारसं कुणी केलेलं नाही, ते सुकन्याला करायचं होतं.

त्यासाठी तिला दोन गट हवे होते. एक आजारी बायकांचा, एक धडधाकट बायकांचा. धडधाकट कोण, हे ठरवायला स्मरणशक्तीची परीक्षा असते. ती परीक्षा शहरी. आज तारीख किती, आपण कितव्या मजल्यावर आहोत. आमच्याकडे मजला कुठून आणायचा? म्हणून सुकन्याने स्वतः नवे प्रश्न तयार केले. पडघ्याचा बाजार कोणत्या वारी, भात लावण्याआधी काय करतात, पोरं किती, नवऱ्याचं नाव काय. तीस मार्कांची परीक्षा, बावीसला धडधाकट. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी फार कौतुक केलं. आसपासच्या गावांतल्या एक्केचाळीस बायका त्यात पास झाल्या, त्यांचं रक्त घेतलं. त्यांत माझी सासू, गुणाबाई, एक.

नवऱ्याच्या नावाला आमच्याकडच्या म्हाताऱ्या पदर तोंडावर घेतात आणि हसतात. नाव घेत नाहीत. सुकन्याला हे ठाऊक होतं, ती इथलीच. तिने प्रत्येकीला त्या प्रश्नाचे पूर्ण दोन मार्क दिले आणि समोर लिहिलं, 'रीत'. सासूबाईही अशाच हसल्या. त्यांना तेवीस मिळाले.

पुढच्या वर्षभरात मी सुकन्याला किमान पाच वेळा फोन केला. आई डाळीत दोनदा मीठ घालतात. आई दुपारी जेवून उठतात आणि मला म्हणतात, जेवाय वाढ. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन सहा वर्षं झाली, तरी विचारतात, त्यांना च्या दिला का? दर वेळी तिचं एकच. "वहिनी, वय झालंय. परीक्षेत आई चांगली आहे." तिथे माझं डोकं फिरायचं. मी दहावी नापास, तिच्यापुढे काय बोलणार? आईला आंघोळ मी घालत होते, परीक्षा तिने घेतली होती, आणि खरी परीक्षाच ठरली.

मग मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी ती कामाच्या दिवशीच घरी आली. माझा नवरा भावेश गोदामात ड्युटीवर होता. सुकन्या पाणीही न पिता मला म्हणाली, "वहिनी, आई कुठंय?"

रक्ताच्या नळ्यांवर नाव नसतं, नंबर असतो. धडधाकट गटातल्या सतरा नंबरच्या नळीत टाऊ भलतंच जास्त निघालं होतं. सुकन्याला वाटलं, मशीन चुकलं. तिने तीनदा तपासलं, तीनदा तेच. शेवटी मॅडमच्या परवानगीने यादी उघडली, तर सतरा नंबरवर गुणाबाई, वळ.

सासूबाई मागच्या पडवीत वाल सोलत होत्या. सुकन्या त्यांच्यासमोर बसली. "आई, बाबांचं नाव घे."

सासूबाई पदराआड हसल्या.

"इथं कोणी न्हाय. मी न वहिनीच हाव. उखाण्यात घे."

उखाण्यात नाव घ्यायला रीत आडवी येत नाही, आणि हळदीकुंकवाला उखाण्यात सासूबाईंचा हात कुणी धरत नसे. त्यांनी पदर सारखा केला, मान ताठ केली. "भाताच्या खल्यावर धान्याची रास..." आणि थांबल्या. पुढे नाव यायचं होतं. तोंड उघडं राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुकन्याकडे, जणू आमच्यापैकी कुणीतरी ते लपवलं होतं. आणि मग पुन्हा पदर तोंडावर घेऊन हसल्या.

तेच हसू. मी ते रोज पाहत होते आणि मलाही ती लाजच आहे असं वाटलं होतं. सुकन्या उठून विहिरीकडे गेली. मी जाऊ दिलं. मला वाईट वाटत होतं आणि खरं सांगते, आतून थोडं बरंही वाटत होतं, की बघ, मी सांगत होते. त्या बरं वाटण्याची मला आजही शरम आहे.

परत आल्यावर ती बोलली ते हळू. प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा होता. पाच वर्षांचं काम. मशीनवर ठपका ठेवून सतरा नंबर गाळला तर आकडे स्वच्छ होतात, कुणी विचारणार नाही. नाही गाळला तर चूक कबूल करायची, आणि ती एकट्या आईपुरती नाही. एक्केचाळीस बायकांना त्या हसण्याचे दोन दोन मार्क दिलेत. त्यांतल्या कितीजणी लाजल्या आणि कितीजणी विसरल्या, कोण सांगणार? सगळ्यांची परीक्षा पुन्हा, सगळं लिखाण पुन्हा. प्रबंध पुढं किती लांबेल, याचा नेम नाही.

"मग गाळा की," मी म्हणाले. इतक्या वर्षांचा राग होता, तो सगळा बाहेर आला. "आईलाच गाळा. वर्षभर गाळलीतच ना?"

मी आत जाऊन चहा टाकला आणि चुलीपाशी रडले, कारण हे बोलणं मी भावेशलाही कधी बोलले नव्हते.

सुकन्याने गाळलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं लेखी दिलं. तो प्रश्न काढून त्याजागी दुसरा घातला आणि पुन्हा दारोदार फिरायला लागली. तिच्यावर भरोसा ठेवणारी एक म्हातारी तर म्हणाली, "पयल्यांदा पास केलीस न, आता परत परीक्षा कनाला?" बावीसच्या खाली आणखी तिघी निघाल्या. त्यांच्या घरी जाऊन ते सांगताना मी तिच्याबरोबर होते.

आमच्या घरी ती सर्वांत शेवटी आली. सासूबाईंना आता आजारी गटात घ्यायचं होतं. त्यासाठी पुन्हा रक्त, आणि त्यांना स्वतःला कळत नाही म्हणून घरच्यांची सही. मी सही केली. सुकन्या खाली बसली, दंडाला पट्टी बांधली आणि इतर बायकांना विचारते तसंच विचारलं, "रक्त घेऊ ना? नको असंल तर न्हाय म्हन."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. माया करतात तसा तिच्या गालावरून हात फिरवला.

"घे गो पोरी. पन घरी गेलीस की तुझ्या आयला सांग, पोरगी लय वालली, तिच्या जेवनाकडं बघ."

"सांगते," सुकन्या म्हणाली, आणि शीर शोधायला लागली.